हॅरो बरो कौन्सिलची निवडणूक, मे २०२६ : तीन फुल्या कोणासमोर मारायच्या?

पिनरवासी

गुरुवार, ७ मे २०२६ रोजी लंडनच्या सर्व ३२ बरोंमध्ये, म्हणजे स्वतःचे कौन्सिल असलेल्या विभागांमध्ये, कौन्सिलच्या निवडणुका होत आहेत. त्यांपैकी हॅरोविषयी येथे लिहितो आहे. हॅरोत आणि त्याला लागून असलेल्या ब्रेंटच्या केंटन-वेम्बली भागात राहणाऱ्या मराठी मंडळींशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. संसदेच्या निवडणुकीविषयी प्रत्येकाला ठाम मते असतात, पण ज्या कौन्सिलला आपण महिन्याच्या महिन्याला कौन्सिल टॅक्स भरतो, तिथे कोणाचे बहुमत आहे आणि आपल्या वॉर्डाचे कौन्सिलर कोण आहेत, हे फार थोड्यांना सांगता येते.

मागच्या निवडणुकीपासून सुरुवात करू. ५ मे २०२२ रोजी देशभर हवा हुजूर पक्षाच्या विरोधात होती. कोविडच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या मेजवान्यांचे 'पार्टीगेट' प्रकरण ताजे होते. लंडनमध्ये मजूर पक्षाने बार्नेट जिंकले, १९७८ पासून हुजूरांकडे असलेले वॉन्ड्सवर्थ जिंकले आणि स्थापनेपासून कधीही हातातून न गेलेले वेस्टमिन्स्टरसुद्धा जिंकले. हॅरोत मात्र नेमके उलटे घडले. २०१८ मध्ये येथे मजूर पक्षाचे ३५ आणि हुजूर पक्षाचे २८ कौन्सिलर निवडून आले होते. २०२२ मध्ये सदस्यसंख्या ६३ वरून ५५ वर आली आणि निकाल हुजूर ३१, मजूर २४ असा लागला.

हा उलटा निकाल का लागला, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर समाजाचे. २०२१ च्या जनगणनेनुसार हॅरोच्या लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण २५.८ टक्के आहे आणि इंग्लंड-वेल्समधील कोणत्याही स्थानिक प्राधिकरणात ते सर्वाधिक आहे. २०१९ च्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर झालेल्या, भारताला न रुचलेल्या ठरावानंतर भारतीय वंशाचा मतदार त्या पक्षापासून दूर जाऊ लागला, असे हे मत सांगते. दुसरे उत्तर गल्लीतले आहे. कौन्सिल टॅक्स लंडनमधल्या चढ्या दरांपैकी एक, रस्त्याच्या कडेला टाकलेल्या गाद्या आणि फ्रिज, दुकानांसमोरच्या पार्किंगचे शुल्क, स्टेशनांजवळ उठणाऱ्या फ्लॅटच्या इमारती, आणि २०२० मध्ये काही रस्ते कुंड्या ठेवून मोटारींना बंद करण्याचा प्रयोग, जो लोकांच्या रोषामुळे पुढच्याच वर्षी गुंडाळावा लागला. माझ्या मते पहिल्या उत्तराला गरजेपेक्षा जास्त वजन दिले जाते. काश्मीरच्या ठरावावर ज्यांचे मत बदलायचे होते त्यांचे २०१९ च्या डिसेंबरमध्येच संसदेच्या निवडणुकीत बदलले असणार. २०२२ च्या पत्रकांवर जे छापले होते ते पार्किंग आणि कचरा यांविषयी होते.

कौन्सिलच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे एकदा स्पष्ट करून घेतले तर पुढची चर्चा सोपी जाईल. कचरा, ग्रंथालये, स्थानिक रस्ते, पार्किंग, बांधकाम परवानग्या, भाड्याच्या घरांवरची देखरेख, शाळाप्रवेशाची व्यवस्था, मुलांचे संरक्षण आणि वृद्ध व अपंगांची सामाजिक देखभाल ही कामे कौन्सिलची. दवाखाने एनएचएसचे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवेचे; पोलीस, बस, ट्यूब आणि मोठे रस्ते लंडनच्या महापौरांच्या कक्षेत. त्यामुळे जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून कौन्सिलरला धारेवर धरणाऱ्यांना आणि ती मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या उमेदवारांना सारखेच दूर ठेवावे.

हॅरोचा मेयर शोभेचा असतो आणि दरवर्षी बदलतो. सत्ता बहुमतातल्या पक्षाचा नेता आणि त्याचे कॅबिनेट यांच्याकडे असते. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी हा फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि नगरसेवक त्यांच्याकडे फाइल घेऊन जातो; येथे निर्णय निवडून आलेल्या माणसांचा असतो आणि अधिकारी त्यांना सल्ला देतात. शिवाय मुंबईत २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार माणसे येतात, तर हॅरोत एका कौन्सिलरमागे पावणेपाच हजारांच्या आसपास. इतक्या जवळचा लोकप्रतिनिधी आपल्याला भारतात सहसा ग्रामपंचायतीतच पाहायला मिळतो.

उमेदवारी अर्जांची मुदत ९ एप्रिलला दुपारी ४ वाजता संपते. त्याआधी, दारावर येणाऱ्या उमेदवारांना आपण नेमके काय विचारावे, यावर सर्वांनी लिहावे ही विनंती.

नवखी_हॅरोत

आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून वेस्ट हॅरोत राहायला आलो. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे आणि यजमान माझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. घरी मतदारनोंदणीचे पत्र आले होते, पण आपण येथले नागरिक नसल्यामुळे ते आधीच्या भाडेकरूंसाठी असेल असे समजून आम्ही बाजूला ठेवले. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितले की भारतीय पासपोर्टवरही येथे मत देता येते. हे खरे आहे का? खरे असल्यास, परदेशात मतदान केल्याने भारतीय नागरिकत्वाला किंवा पुढे आयएलआरच्या (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) अर्जाला बाधा येते का, असा यजमानांचा प्रश्न आहे.

आणखी एक. आमच्या शेजारच्या घरात प्रत्येक खोलीत वेगळे भाडेकरू राहतात. त्यांत बरेचसे आपल्याच देशातले विद्यार्थी आहेत. कचऱ्याच्या डब्यांवरून रोज भांडणे होतात. हा विषय कौन्सिलरकडे नेण्यासारखा आहे का?

कागदोपत्री

नवखी_हॅरोत, आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, येथे वास्तव्य आणि कोणत्याही प्रकारचा वैध व्हिसा, एवढे असले की मतदारयादीत नाव नोंदवता येते, आणि ते केवळ कौन्सिलसाठी नव्हे तर संसदेच्या निवडणुकीसाठीसुद्धा. किती वर्षे राहिलात याची अट नाही. ज्या देशाच्या नागरिकत्वासाठी लोक वर्षानुवर्षे थांबतात, तो देश आपल्याला मत मात्र विमानातून उतरल्या उतरल्या देतो, हे साम्राज्याच्या इतिहासाचे एक विचित्र देणे आहे.

उमेदवार म्हणून उभे राहण्याची अट कडक आहे. राष्ट्रकुल नागरिकाला त्यासाठी कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, लागते किंवा अशा परवानगीची गरजच नसावी लागते. म्हणजे आपल्याला मत देता येईल, पण सध्या निवडणूक लढवता येणार नाही.

नागरिकत्वाविषयी : १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. येथले मतदान म्हणजे येथले नागरिकत्व घेणे नव्हे, त्यामुळे ते सुरक्षित आहे. आयएलआरच्या बाबतीतही कायद्याने दिलेला हक्क बजावल्याने अडचण येण्याचे कारण नाही. उलट यादीत नाव असल्याचा एक व्यावहारिक फायदा आहे. बँका आणि पतमापन संस्था पत्त्याची खात्री करण्यासाठी मतदारयादी पाहतात, आणि नव्याने आलेल्यांचे पहिले क्रेडिट कार्ड पुष्कळदा तेथेच अडकते. ते पत्र बाजूला ठेवू नये, हेही सांगतो. कौन्सिलच्या नोंदणीविषयक चौकशीला उत्तर न देणे हा दंडनीय गुन्हा आहे.

या वेळी लक्षात ठेवण्याची नवी गोष्ट म्हणजे ओळखपत्र. २०२२ च्या कौन्सिल निवडणुकीत ते लागत नव्हते. २०२३ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट चालतात, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो. येथला वाहन परवाना आणि ज्येष्ठांचा फ्रीडम पासही चालतो. आधार कार्ड, ऑफिसचे कार्ड किंवा विद्यार्थ्याचे कॉलेजचे कार्ड चालत नाही. यांपैकी काहीच नसल्यास कौन्सिलकडून मोफत मतदार प्रमाणपत्र मिळते.

शेजारच्या घराविषयी : पाच किंवा अधिक माणसे, एकाहून अधिक कुटुंबांतली, स्वयंपाकघर किंवा स्नानगृह सामाईक वापरत असतील तर अशा घरमालकाला कौन्सिलचा परवाना बंधनकारक आहे. परवान्यात खोल्यांचे किमान आकार, आगीपासून संरक्षण आणि कचऱ्याची सोय अशा अटी असतात. तेव्हा हा विषय शंभर टक्के कौन्सिलचा आहे. भाडेकरूंशी भांडण्याऐवजी परवाना आहे का हे विचारावे, कारण त्या गर्दीतून पैसे मिळवणारा माणूस त्या घरात राहत नसतो.

केंटनचे_काका

पिनरवासी यांचा आढावा चांगला आहे, पण ते समाजाच्या मुद्द्याला फार लवकर बाजूला सारतात. मी या भागात तीस वर्षांहून अधिक काळ राहतो. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांनी येथे दुकाने आणि देवळे उभी केली आणि मग दोन्ही पक्षांत आपली माणसे पेरली. आज कौन्सिलच्या सभागृहात पटेल, शाह अशी आडनावे सहज दिसतात. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ मंडळींनीही तेच केले. मराठी माणूस मात्र गणपतीला हजारोंनी जमतो आणि निवडणुकीला घरी बसतो.

२०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष देशभर भुईसपाट झाला, तेव्हा पन्नास टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आलेला त्या पक्षाचा एकच उमेदवार होता आणि तो हॅरो ईस्टचा. बॉब ब्लॅकमन यांनी समाजाशी वर्षानुवर्षे जे संबंध ठेवले त्याचे ते फळ होते, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. आपणही एखाद्या वॉर्डात आपला उमेदवार उभा करावा, मंडळांनी त्याच्यामागे उभे राहावे आणि सर्वांनी एकगठ्ठा मतदान करावे. कौन्सिलची निवडणूक काहीशे मतांवर फिरते. तेवढी मते आपल्याकडे आहेत.

पिनरवासी

काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, तरीही दोन ठिकाणी असहमती नोंदवतो.

मंडळांचे आधी सांगतो. येथली बहुतेक मंडळे नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत आणि अशा संस्थेला कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देण्यास कायद्याने मनाई आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेले आपले सर्वांत जुने लंडनचे महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, म्हणजे ब्रेंटमध्ये आहे, त्यामुळे हॅरोच्या वॉर्डांशी तसाही त्याचा थेट संबंध येत नाही. संस्था सर्व पक्षांच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून प्रश्नोत्तरांची सभा घेऊ शकते. ती जरूर घ्यावी. याच्या पुढे जाणे म्हणजे संस्थेची नोंदणी धोक्यात घालणे होय.

दुसरे, 'आपला उमेदवार' या कल्पनेविषयी. कागदावर उभे राहणे सोपे आहे. अनामत रक्कम नसते, अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात, आणि खर्चाची मर्यादा इतकी कमी असते की मोठ्या पैशाला वावच नसतो. २०२२ मध्ये ती ८०६ पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स एवढी होती. पण निवडून येतो तो पक्षाचा उमेदवार. २०२२ मध्ये हॅरोत दोन मोठ्या पक्षांबाहेरचा एकही माणूस निवडून आला नाही. पक्षाचा उमेदवार ठरतो तो स्थानिक शाखेच्या सभेत, निवडणुकीच्या कितीतरी महिने आधी, आणि तिथे ज्याने पावसात पत्रके वाटली आहेत त्याचे नाव पुढे येते. गुजराती समाजाने हे काम दोन पिढ्या केले. आपण मतदानाच्या सहा आठवडे आधी एकगठ्ठा मतांची भाषा करतो, तेव्हा मधला सगळा भाग गाळून शेवटचे पान वाचतो.

आणि समजा झाला एखादा मराठी कौन्सिलर. तो रेनर्स लेनचा कौन्सिलर असेल. हॅच एंडच्या मराठी माणसाचा कचरा उचलला जावा म्हणून तो काही करू शकणार नाही. त्यासाठी हॅच एंडचेच कौन्सिलर गाठावे लागतील, मग त्यांचे आडनाव काहीही असो.

गणिती

काकांच्या 'काहीशे मतां'च्या हिशेबात मतदान पद्धतीचा विचार राहून गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हॅरोत २२ वॉर्ड आहेत. ११ वॉर्डांतून प्रत्येकी तीन आणि ११ वॉर्डांतून प्रत्येकी दोन कौन्सिलर निवडले जातात. जितक्या जागा तितकी मते आपल्या हातात असतात. तीन जागांच्या वॉर्डात जास्तीत जास्त तीन फुल्या मारता येतात. चौथी मारली की मतपत्रिका बाद. कमी मारल्या तर चालते. सर्वाधिक मते मिळालेले पहिले तीन निवडून येतात, आणि तिसऱ्या जागेसाठी समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात.

हे आपल्याकडच्या प्रभाग पद्धतीसारखे वाटते, पण तसे नाही. या जानेवारीत झालेल्या पुण्याच्या निवडणुकीत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा होत्या, त्यांना आरक्षण लागू होते आणि मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचे होते. येथे सर्व उमेदवार एकाच यादीत असतात. महिला, जात वा अन्य कोणतेही आरक्षण नाही आणि 'नोटा'ही नाही.

या पद्धतीचे दोन परिणाम आहेत. पहिला म्हणजे ४५ टक्के मते मिळवणारा पक्ष वॉर्डातल्या तिन्ही जागा घेऊन जातो आणि ३० टक्क्यांच्या पक्षाला भोपळा मिळतो. हॅरोत हिरव्या पक्षाला आणि लिबरल डेमोक्रॅट्सना मते पडत नाहीत असे नाही. ती वॉर्डावॉर्डांत विखुरतात आणि वाया जातात. या वेळी नायजेल फराज यांचा उजव्या विचारांचा रिफॉर्म यूके पक्ष मैदानात आहे. गेल्या मे महिन्यात काउंटींच्या निवडणुकांत त्या पक्षाने जी मजल मारली ती लंडनच्या उपनगरांत मारता येईल का, याविषयी मला शंका आहे. पण त्याने हुजूरांची पाच-सहा टक्के मते घेतली तरी काठावरचे वॉर्ड फिरतील.

दुसरा परिणाम मजेदार आहे. मतपत्रिकेवर नावे आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने छापतात. एकाच पक्षाच्या तीन उमेदवारांत वरच्या नावाला थोडी जास्त आणि खालच्या नावाला थोडी कमी मते पडतात, हे लंडनच्या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. काठावरच्या वॉर्डात तेवढ्याने जागा जाते. म्हणजे काकांना उमेदवार उभा करायचाच असेल तर आपटे किंवा भिडे शोधावेत. वैद्य आणि वाघमारे यांनी आधी घरोघर फिरून ती तूट भरून काढावी लागेल.

गमतीचा भाग सोडला तर एकगठ्ठा मताला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण तीन फुल्यांपैकी एक मराठी उमेदवाराला देऊन उरलेल्या दोन त्याच्या प्रतिस्पर्धी पक्षाला दिल्या, तर आपण आपल्याच उमेदवाराच्या विरोधकांना बळ देतो. हे मतदारांना समजावून सांगणे पत्रके वाटण्यापेक्षा अवघड आहे.

स्टॅनमोरची_गच्ची

उमेदवारांना काय विचारावे या मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या मते एकच विषय असा आहे की ज्यात चुकीचा प्रश्न विचारला तर खोटे उत्तर हमखास मिळते, आणि तो म्हणजे बांधकाम परवानगी.

स्टॅनमोर, कॅनन्स पार्क आणि रेनर्स लेन या स्टेशनांच्या पार्किंगच्या जागांवर फ्लॅट बांधण्याचे टीएफएलचे, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेचे, प्रस्ताव आले तेव्हापासून येथे प्रत्येक पक्षाचे पत्रक 'आम्ही हे होऊ देणार नाही' असे सांगते. वील्डस्टोनला जुन्या सिव्हिक सेंटरच्या जागेवर काय आणि किती उंच बांधायचे, यावरही असेच रण माजलेले आहे. प्रत्यक्षात नियोजन समितीवर बसलेल्या कौन्सिलरला न्यायाधीशासारखे खुल्या मनाने बसावे लागते. विरोधी मत आधी बोलून दाखवले एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही, पण निर्णय आधीच पक्का करून आला होता असे दिसले तर त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येते. परवानगी नाकारायची तर कारणे नियोजनाच्या चौकटीतली लागतात. उंची, सावली, वाहतूक, शेजारच्या खिडक्यांवर पडणारी नजर ही कारणे चालतात. माझ्या घरातून दिसणारा देखावा जाईल किंवा घराची किंमत उतरेल, ही चालत नाहीत. कमकुवत कारणाने नाकारले तर विकासक अपील करतो, जिंकतो आणि कधी कधी खर्चही कौन्सिलकडून, म्हणजे आपल्याकडून, वसूल करतो. मोठ्या प्रकल्पांत तर लंडनचे महापौर निर्णय स्वतःच्या हातात घेऊ शकतात.

म्हणून 'फ्लॅट थांबवाल का?' असे विचारू नये. स्थानिक आराखड्यात उपनगरी रस्त्यांवर उंचीची मर्यादा काय असावी असे आपले मत आहे, आणि नव्या इमारतींतली किती घरे कमी भाड्याची असावीत, असे विचारावे. आराखडा पक्का असेल तर समितीला नकार देण्यासाठी कायदेशीर आधार मिळतो. ज्या उमेदवाराला हा आराखडा ठाऊकच नाही, त्याचे आश्वासन दारातच विसरून जावे.

आपल्यातही या विषयावर दोन तट आहेत, हे मोकळेपणाने बोलले पाहिजे. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी सेमी-डिटॅच्ड घर घेतले त्यांना स्टेशनजवळ टॉवर नको आहे. नवखी_हॅरोत यांच्यासारख्या नव्या कुटुंबाला घर घ्यायचे असेल, तर परवडणारी पहिली जागा त्या टॉवरमध्येच असेल. 'मराठी मत' म्हणून एकच मत या प्रश्नावर असू शकत नाही.

आकडेमोड

सर्वांनी खर्चाची बाजू सोडून दिली आहे. कौन्सिलच्या पैशाचा निम्म्याहून मोठा वाटा वृद्धांच्या, अपंगांच्या आणि निराधार मुलांच्या देखभालीवर जातो. तो कायद्याने बंधनकारक आहे. कौन्सिल टॅक्स सार्वमत न घेता वर्षाला ४.९९ टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो आणि बहुतेक कौन्सिली दरवर्षी तेवढा वाढवतातच. हा कर ज्यांवरून आकारतात ते घरांचे गट तर अजूनही एप्रिल १९९१ च्या किमतींवरून ठरतात, हा मूर्खपणा बदलण्याचे धाडस आजवर कोणत्याही सरकारने केलेले नाही. म्हणजे प्रत्यक्षात ज्यावर भांडता येते ती रक्कम लहान असते. ग्रंथालये, उद्याने, रस्ते, झाडणे एवढीच.

त्यामुळे २०२२ नंतर हुजूर कौन्सिलने दिलेल्या एका तासाच्या मोफत पार्किंगविषयी मी साशंक आहे. व्यापाऱ्यांना ते हवे होते आणि लोकांनाही आवडले. पण बुडालेले उत्पन्न कोणत्या सेवेतून भरून काढले, हे कोणीही विचारत नाही. क्रॉयडनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तेही हॅरोसारखेच लंडनच्या कडेचे उपनगरी बरो. कौन्सिलने स्वतःची घरबांधणी कंपनी काढली, मालमत्तांत पैसे गुंतवले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कलम ११४ ची नोटीस काढून, म्हणजे आपण खर्च भागवू शकत नाही असे जाहीर करून, हात वर केले. २०२३ मध्ये तेथे कौन्सिल टॅक्स एका वर्षात १५ टक्क्यांनी वाढला. तेव्हा सत्तेत मजूर पक्ष होता म्हणून हुजूरांनी खूश होण्याचे कारण नाही. सरेच्या वोकिंगमध्ये असेच घडले आणि तिथली गुंतवणूक हुजूरांच्या काळातली होती.

माझा प्रश्न एकच असेल. आपल्या पत्रकातल्या आश्वासनांपैकी सर्वांत खर्चीक कोणते, आणि त्यासाठी काय कमी करणार?

केंटनचे_काका

गणिती यांचे आपटे-वैद्य प्रकरण वाचून हसू आले, पण पटलेही. मंडळांच्या कायद्याचा मुद्दा मान्य. एकगठ्ठा मतदानाचा आग्रह मात्र सोडत नाही, कारण पक्ष आकडे पाहतात. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात पक्षाचे बिल्ले लावून बसलेली माणसे आपला मतदार क्रमांक विचारतात. निवडणुकीनंतर कोण मतदानाला आले आणि कोण आले नाही, याची खुणा केलेली यादीही पक्षांना मिळते. मत कोणाला दिले ते अर्थातच कळत नाही. पुढच्या वेळी ज्या घरांतून कोणी आले नाही त्या घरांची बेल कोणी वाजवत नाही. आपल्या गल्लीत उमेदवार फिरकत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे.

आकडेमोड यांना एक विनंती : मोफत तासाला नावे ठेवू नका. त्या तासात किराणा आणि औषधे घेऊन परत येणारी माझ्या वयाची पुष्कळ माणसे आहेत.

कागदोपत्री

दारातल्या माणसांना क्रमांक सांगणे ऐच्छिक आहे, एवढे काकांच्या माहितीत जोडतो. आत बसलेल्या अधिकाऱ्यांना नाव-पत्ता सांगावाच लागतो.

नवखी_हॅरोत

सर्वांचे आभार. आम्ही दोघांनीही काल ऑनलाइन नोंदणी केली. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी होता, त्यामुळे फार वेळ लागला नाही. आता अडचण अशी की मुलाच्या मुंजीसाठी आम्ही २५ एप्रिल ते १२ मे पुण्यात असू. टपाली मतदान पुण्याहून करता येईल का?

कागदोपत्री

टपाली मतपत्रिका परदेशी पत्त्यावर मागवता येते, पण उमेदवारांची यादी पक्की झाल्यानंतरच त्या छापून पाठवल्या जातात. ती पुण्याला पोहोचून ७ मेच्या रात्री १० वाजण्यापूर्वी हॅरोत परत यायला हवी. या वेळापत्रकावर मी विसंबणार नाही. २५ एप्रिलला निघण्यापूर्वी मतपत्रिका घरी पोहोचली तर भरून जाता येईल, पण त्याचीही हमी नाही.

आपल्यासाठी प्रॉक्सी हाच मार्ग योग्य. मतदारयादीत असलेल्या आणि हॅरोतल्या आपल्या केंद्रावर जाऊ शकणाऱ्या विश्वासू व्यक्तीला आपल्या वतीने मत देण्यास नेमावे. त्या व्यक्तीने स्वतःचे ओळखपत्र न्यायचे, आपले नव्हे. दोघांसाठी एकच प्रॉक्सी चालेल. नोंदणीची शेवटची तारीख २० एप्रिल, टपाली मतदानाच्या अर्जाची २१ एप्रिल सायंकाळी ५, प्रॉक्सी आणि मतदार प्रमाणपत्राची २८ एप्रिल सायंकाळी ५. आपण मात्र प्रॉक्सीचा अर्ज निघण्यापूर्वीच भरावा, म्हणजे सही जुळत नाही किंवा कागद अपुरा आहे असे कौन्सिलने कळवले तर दुरुस्त करायला हाताशी दिवस राहतील.